पत्रा कुठे फाटतो आणि ठिगळ कुठे लावायचं

आवाज अगदी बारीक होता. गतिरोधकावरून मागची चाकं खाली उतरली की डिकीच्या उजव्या कोपऱ्यातून एक ‘टक्’. रिकाम्या डब्यावर कुणी बोटाचं पेर आपटावं तसा. गाडी २००१ सालची, चार दरवाज्यांची, पण त्या काळी कॉलेजातली पोरं मागे वळून बघायची अशा इंजिनाची. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीपेक्षा माझा, आधीच्या मालकाचा आणि माहीमच्या खाऱ्या हवेचा हात जास्त होता.

शॉकअप बदलले, बुश (सांध्यांत बसणारे रबरी तुकडे) बदलले, आवाज तसाच. शेवटी डिकीतलं कार्पेट उचललं, खालचा डांबरी थर खरवडला, तेव्हा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगभोवती, म्हणजे तो बॉडीला जिथे जोडतात त्या जागेभोवती, चंद्रकोरीसारखी एक भेग दिसली. केसाएवढी बारीक. जवळच्या एका गॅरेजात गेलो. त्यांनी ३ मिलीमीटर जाड चौकोनी प्लेट चारी बाजूंनी वेल्ड करून टाकली, वर पुट्टी, त्यावर काळा रंग. ‘आता हत्ती बसवा’ म्हणाले. एक पावसाळा गेला आणि आवाज परत आला. या खेपेस माउंटिंग शाबूत होतं. भेग प्लेटच्या कोपऱ्यातून निघाली होती.

एवढी जाड प्लेट लावूनही पत्रा तिच्या शेजारीच का फाटावा, याचं उत्तर शोधता शोधता मला जे कळलं ते इथे सांगतो. जुनी, जोरकस गाडी पाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

चासी नावाची वेगळी वस्तूच नसते

गॅरेजात आपण सर्रास ‘चासी’ म्हणतो. पण बहुतेक मोटारींना खाली वेगळी चासी नसते. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना असते: शिडीसारखा लोखंडी सांगाडा आणि त्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी. बाकी गाड्यांत बॉडी हीच चासी. पातळ पत्रे दाबून त्यांना आकार द्यायचा, हजारो ठिकाणी स्पॉट वेल्डिंगनं एकमेकांना टाचायचे, की जो पोकळ डबा तयार होतो तोच सगळा भार पेलतो. याला मोनोकॉक म्हणतात. काही नवलाची गोष्ट नाही ही. मुंबईची काळीपिवळी प्रीमिअर पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, ती १९५३ पासूनच मोनोकॉक होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ साली रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीत मागे बसून पायाखालच्या भोकातून पळता रस्ता पाहिलेले लोक अजून आहेत. पायाखाली गंजत होती ती नुसती फरशी नव्हती. गाडीच्या हाडांपैकीच एक हाड होतं ते.

या डब्याच्या ताकदीचं मर्म पत्र्याच्या जाडीत फारसं नाही, तो बंद असण्यात आहे. घरी करून बघा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा रोल संपला की आत पुठ्ठ्याची नळी उरते. ती दोन्ही हातांनी पिळा. पिळली जात नाही. आता कात्रीनं तिला एका बाजूनं उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. चिंधीसारखी वळते. पुठ्ठा तोच, वजन तेच, गेली ती फक्त एक शिवण. हिशेबानं सांगायचं तर २५ मिलीमीटर त्रिज्येची आणि १ मिलीमीटर जाड पत्र्याची बंद नळी ही तशाच चिरलेल्या नळीच्या १,८७५ पट ताठ असते. छपाईची चूक नाही, खरोखर एक हजार आठशे पंचाहत्तर.

दरवाज्याखालचा जो लांब पोकळ भाग, ज्याला आपल्याकडे रनिंग बोर्ड म्हणतात, तो म्हणजे अशीच बंद नळी. त्याच्या खालच्या शिवणीत पाणी साचतं, निचऱ्याची भोकं चिखलानं बुजतात किंवा एखादा उत्साही कारागीर त्यांच्यात पुट्टी भरतो, आणि शिवण आतून गंजत सुटते. बाहेरून रंग चकचकीत, आत नळी चिरलेली. अशा गाडीचे माउंटिंग मजबूत करायला निघणं म्हणजे पाया खचलेल्या चाळीच्या गॅलरीला नवे कठडे बसवणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली उभ्या होत्या. त्या काळातली गाडी घेत असाल तर रनिंग बोर्डच्या आत बारीक गाळाची रेघ आहे का, हे रबरी बूच काढून बघाच.

ताकद वेगळी, ताठपणा वेगळा

इथे माझ्यासकट बरेच जण गडबडतात. पत्रा किती भाराला फाटेल ही त्याची ताकद. किती भाराला किती वाकेल हा त्याचा ताठपणा. साधं पोलाद आणि महागडं हाय टेन्साइल पोलाद यांच्या ताकदीत दुप्पट-तिप्पट फरक असतो, पण ताठपणा जवळपास सारखाच. ताठपणा मोजायचं माप म्हणजे यंगचा गुणांक, तो दोघांचाही २०० गिगापास्कलच्या आसपास. त्यामुळे ‘इम्पोर्टेड हाय टेन्साइल प्लेट लावली, आता गाडी हलणार नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि चहा प्यावा. ताठपणा वाढतो तो आकारानं, बंद पेटीनं आणि काही प्रमाणात जाडीनं. सपाट पत्रा १ मिलीमीटरऐवजी १.६ मिलीमीटर केला की वाकण्याच्या बाबतीत तो सुमारे चौपट ताठ होतो. पण त्याच पत्र्याला कडेनं एक इंच वळवून दुमड दिली की त्याहून कितीतरी जास्त फायदा होतो. मिठाईच्या खोक्याच्या कडा दुमडलेल्या असतात त्या यासाठीच.

दुसरं म्हणजे पत्रा एका दणक्यात क्वचितच फाटतो. तो थकतो. फाटेल इतका भार त्याच्यावर कधीच आलेला नसतो, पण छोटे भार लाखो वेळा आलेले असतात. गाडीचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक, क्लच सोडतानाचा प्रत्येक झटका त्याच्या खात्यावर जमा होत जातो. वेल्डिंगच्या सांध्यांसाठी इंजिनिअर एक ठोकताळा वापरतात: आयुष्य ताणाच्या तिसऱ्या घाताच्या उलट प्रमाणात. म्हणजे सांध्यावरचा ताण निम्मा केला तर तो आठपट टिकतो, आणि नुसता २५ टक्क्यांनी वाढवला तर आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतं. हा आकडा माझ्या डोक्यात घर करून बसलाय. गाडी बुटकी करण्यासाठी कडक स्प्रिंग, रुंद टायर, वर इंजिनाची ताकद वाढवलेली. प्रत्येक गोष्टीनं थोडा थोडा ताण वाढतो आणि माउंटिंगचं आयुष्य त्याच्या तिप्पट घाईनं सरतं.

भार जातो कुठे?

दादर स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोच्याकडे कधी दप्तराचा पट्टा शिवून घेतलाय? पट्टा मध्ये कधी तुटत नाही. जिथे तो पिशवीला जोडलेला असतो तिथे, टाक्यांच्या रेघेवर कापड फाटतं. मोची काय करतो? फाटलेल्या जागी नुसते जाड दोऱ्याचे टाके घालत नाही. आतून चामड्याचा एक तुकडा लावतो, चांगला तळहाताएवढा रुंद, आणि त्याचे कोपरे रापीनं गोल करतो. मग कडेकडेनं शिवण, मधे फुली. पट्ट्याची ओढ आता चार टाक्यांवर न येता पिशवीच्या मोठ्या भागावर पसरते, आणि कोपरा गोल असल्यानं ती एका टोकाशी गोळा होत नाही.

माझ्या गाडीवर त्या पहिल्या गॅरेजनं नेमकं याच्या उलट केलं होतं. ०.८ मिलीमीटर पत्र्यावर ३ मिलीमीटरची प्लेट. म्हणजे दगडाला कागद चिकटवल्यासारखं. प्लेट हलेना, मग सगळी हालचाल तिच्या काठावर, जिथे दगड संपून कागद सुरू होतो तिथे, एकवटली. त्यात कोपरा काटकोनी. वेल्डिंगच्या उष्णतेनं काठावरचा पत्रा आधीच बिघडलेला. भेग दुसरीकडे सरकली, बस. दुरुस्ती झालीच नव्हती.

म्हणून माउंटिंग मजबूत करणं याचा खरा अर्थ भाराला रुंद आणि सावकाश उतरणारी वाट करून देणं. चाकावरचा धक्का शॉकअपमधून माउंटिंगला, तिथून चाकावरच्या घुमटाला, मग मागच्या सीटमागच्या आडव्या पट्टीला, खांबाला, छताला, रनिंग बोर्डला असा जायला हवा. वाटेत जिथे रस्ता एकदम अरुंद होतो तिथे गर्दी, आणि गर्दी तिथे भेग.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीचं. या थ्री सिरीजचं मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शिअल (इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारी गिअरची पेटी) एका सबफ्रेमवर, म्हणजे वेगळ्या छोट्या लोखंडी चौकटीवर, बसतं आणि ती सबफ्रेम रबरी बुशांमधून चार ठिकाणी डिकीखालच्या पत्र्याला बोल्टनं लटकते. पत्रा पातळ, स्पॉट वेल्ड मोजके. आता यातल्या सगळ्यात जोरकस एम३ चा हिशेब करू. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ३६५ न्यूटन मीटर, पहिला गिअर ४.२३, डिफरन्शिअल ३.६२. गुणाकार केला की मागच्या ॲक्सलवर साडेपाच हजार न्यूटन मीटरच्या वर. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला साडेपाचशे किलोहून अधिक वजन लटकवावं एवढा पीळ. न्यूटन काही कुणाला फुकट सोडत नाही. चाकं पुढे ढकलली जातात तसा डिफरन्शिअल उलट्या दिशेनं फिरायला बघतो, सबफ्रेमचं नाक वर उचलतो आणि शेपूट खाली दाबतो. ॲक्सिलरेटर सोडला की याच्या उलट. दिवसातून शेकडो वेळा वर-खाली, वर-खाली. बोल्टभोवतीचा पत्रा कागदी पंख्यासारखा लवत राहतो, आधी स्पॉट वेल्ड सुटतात, मग भेगा. कंपनीनं नंतर दुरुस्तीसाठी त्या पोकळ भागात कडक होणारा फोम भरण्याची पद्धत काढली. हौशी लोक खालून आकारात बसणाऱ्या प्लेटा वेल्ड करतात, आणि जाणकार त्याच्या जोडीला वरून, डिकीच्या आतूनही माउंटिंग बांधून घेतात, कारण खालची प्लेट पत्र्याला घट्ट करते पण तो पत्रा ज्याला लटकलाय त्या चौकटीपर्यंत भार पोचवत नाही. मोच्यानं पिशवीला आतून-बाहेरून दोन्हीकडे चामडं लावावं, तसंच.

मुंबईत अशा बीएमडब्ल्यू मोजक्याच. पण तर्क सगळीकडे तोच. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) माउंटिंग आणि पुढच्या शॉकअपचा घुमट, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत एप्रनचा वरचा भाग, या जागा जातात. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब, असलेल्या गाडीत चाकाचा उभा धक्का थेट त्या घुमटात घुसतो, शिवाय वळणावर घुमट आत-बाहेर ढकलला जातो. त्यासाठी दोन घुमटांना जोडणारा स्ट्रट बार मिळतो. ऑपेरा हाउसच्या दुकानांत तो टांगलेला दिसतो, निळा, लाल, चकचकीत. वाईट वस्तू नाही. पण दोन्ही टोकांच्या पट्ट्या पातळ आणि वाकड्या असतील तर दांडा कितीही जाड असून उपयोग शून्य, पट्टीच वाकते. बॉनेट उघडून मित्रांना दाखवायला मात्र उत्तम.

आधी बुश, आधी गंज

वेल्डिंगचं नाव काढण्याआधी दोन गोष्टी. माउंटिंगचा खून बहुतेक वेळा बुश करतो. रबराचा बुश झिजला की आतली लोखंडी नळी सैल होते आणि प्रत्येक खड्ड्याला हातोडीसारखी आपटते. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे कडक बुश, किंवा त्याहून भारी म्हणजे कुर्ल्यात लेथवर नायलॉनचे कातून घेतलेले. स्टिअरिंग एकदम धारदार होतं, खरं आहे. पण रबर जो धक्का स्वतः पचवत होतं तो आता थेट पत्र्याला जातो. पत्रा आधी मजबूत करा आणि मग कडक बुश टाका. उलटा क्रम केला तर महिन्याभरात भेगा शोधत बसाल. आणि गाडी फक्त घर ते ऑफिस, फार तर रविवारी लोणावळा करत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. चांगले रबरी बुश टाका, गंज थांबवा, आणि पत्र्याला हात लावू नका.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. सपाट जागी गाडीचा एक कोपरा जॅकवर उचला, चाक जमिनीपासून वर येईपर्यंत, आणि त्या बाजूचा दरवाजा हलकेच उघडून लावून बघा. नेहमीसारखा लागला तर ठीक. कडीला घासला, वर उचलून लावावा लागला, तर डबा पिळतोय. फक्त नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका, खाली लोखंडी स्टँड हवेच.

काकांच्या गॅरेजात

दुसऱ्या खेपेस मी गेलो ते कुर्ल्याच्या एका मिस्त्रींकडे. मूळचे मालवणकडचे, साठी ओलांडलेली, आयुष्य डेंटिंगच्या कामात गेलं. मी काका म्हणतो, ते मला साहेब म्हणतात आणि त्या ‘साहेब’मध्ये थोडी चेष्टा असते. त्यांनी जुनी प्लेट बघितली, बोटानं तिच्या कोपऱ्यावर टकटक केलं आणि विचारलं, ‘साहेब, ही प्लेट आहे की नोटिस बोर्ड?’

आधी ओळंबा काढला. गवंड्याचा असतो तोच. गाडी चार स्टँडवर समपातळीत ठेवून खालच्या ठरावीक बोल्टांवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूनं खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि त्या खुणांचे कर्ण टेपनं मोजले. दोन कर्णांत ३ मिलीमीटरचा फरक आला. ‘चालतंय,’ म्हणाले. फरक बोटभर असता तर वेल्डिंगआधी गाडी बेंचवर, म्हणजे बॉडी जखडून ओढायच्या चौकटीवर, ओढून सरळ करावी लागली असती, नाहीतर वाकडेपणावरच शिक्कामोर्तब होतं.

मग प्लेट ग्राइंडरनं उतरवली, पत्रा चकचकीत घासला, आणि काकांनी दोन स्प्रेचे डबे काढले. डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक भेगेत शिरणारा रंग. आधी लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबलो, कापडानं पुसून काढला. डोळ्यांना काहीच दिसेना. मग दुसऱ्या डब्यातली पांढरी भुकटी फवारली. अर्ध्या मिनिटात त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटायला लागली, कापलेल्या बोटातून रक्त झिरपावं तशी, हळूहळू. मी डोळ्यांनी जी भेग ४० मिलीमीटर मोजली होती ती खरी ६५ निघाली, आणि एका टोकाला तिला फाटा फुटलेला. जुन्या दुरुस्तीत भेगेचं खरं टोक कुणी शोधलंच नव्हतं.

दोन्ही टोकांना आणि फाट्याच्या टोकाला ३ मिलीमीटरची भोकं पाडली. भेगेचं टोक सुईसारखं टोकदार असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो. भोक पाडलं की टोक गोल होतं आणि भेगेला पुढे सरकायला जोर उरत नाही. मग भेग ग्राइंडरनं थोडी खोल करून, मागे तांब्याची पट्टी धरून वेल्ड केली. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि उष्णता ते ओढून घेतं.

वेल्डिंग कशानं, यावर आपल्याकडे अजून वाद चालतात. गॅस वेल्डिंग जुन्या हातांना आवडतं, पण त्याची आच इतकी पसरते की वीतभर पत्रा लाल होऊन पोचे पडतात. साध्या रॉडच्या मशीननं ०.८ चा पत्रा जळून भोक पडतं. अशा कामाला सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली बारीक वायर वितळवणारं), ०.८ मिलीमीटरची वायर, आणि मुख्य म्हणजे सबुरी. काकांनी एका वेळी दोन बोटं लांबीचाच टाका घातला, मग दुसऱ्या टोकाला, मग मधे. आधीच्या जागेवर तळहात ठेवता येईल इतकी ती निवेपर्यंत तिथे परत गेले नाहीत. दीड तासाचं काम दिवसभर चाललं. मी तीन वेळा चहा आणला.

नवी पट्टी १६ गेजच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याची, म्हणजे साधारण १.६ मिलीमीटर. आधीच्या प्लेटच्या निम्मी जाड. आकार पानासारखा, एक टोक चाकाच्या घुमटाच्या शिवणीपर्यंत, दुसरं सीटमागच्या आडव्या पट्टीपर्यंत नेलेलं, म्हणजे भाराला कुठेतरी पोचायला जागा मिळाली. कडा व्हाइसमध्ये धरून दुमडल्या. कोपरे गोल. पट्टीला ८ मिलीमीटरची भोकं पाडून त्यांतून वेल्ड भरले, कडेनं इंच वेल्ड, इंच मोकळी जागा. पानाच्या निमुळत्या टोकांना आडवी वेल्डिंगची रेघ ओढली नाही, कारण तीच पुढच्या भेगेची जागा ठरते. वेल्ड होताना शॉकअपचं माउंटिंग बोल्टनं घट्ट बसवलेलं होतं, नाहीतर आकसणाऱ्या पत्र्यानं भोकं जागची हलवली असती. रॅलीच्या गाड्यांत सगळ्या शिवणी अशाच टाक्याटाक्यानं वेल्ड करतात. रस्त्यावरच्या गाडीला ते कशाला हवं, मला कळत नाही. निम्म्या शिवणींत कंपनीचं सीलर असतं, ते जळतं आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू होतो.

कुठे वेल्ड करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. गाडीच्या पुढचे दोन लांब चॅनल टक्कर झाली की चुरगळायला बनवलेले असतात, त्यांच्यावर मुद्दाम चुण्या पाडलेल्या असतात. त्या चुण्यांवर प्लेट मारून ‘मजबूत’ केलेली गाडी आपटली की धक्का पत्र्याऐवजी तुमच्या बरगड्या घेतात. चासी नंबर जिथे कोरलाय त्याच्या आसपास ग्राइंडर फिरवू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुढे चालू ठेवायला आरटीओत जाल तेव्हा तो नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाला छेद देणारे बदल करू देत नाही. भेग बुजवून आतून पट्टी लावणं माझ्या मते दुरुस्तीतच बसतं, पण रोल केज (गाडीच्या आत बसवायचा लोखंडी नळ्यांचा पिंजरा) वगैरेचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या तारा काढायच्या, एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबायचं. मशीनची अर्थिंगची क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावायची, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा कंप्युटरमधून फिरून जात नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवायचीच. ‘ओला गोणपाट टाकलाय ना’ हे उत्तर चालत नाही.

वेल्ड झालं की मुंबईत निम्मंच काम झालेलं असतं. वेल्डिंगनं पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग आणि जस्त जळून गेलेलं असतं, आणि ती बाजू नेमकी पोकळीच्या आत, हात पोचत नाही अशी. तिथे समुद्राची दमट हवा कोंडली की सहा महिन्यांत लाल भुकटी. काकांनी दोन पत्र्यांच्या मधे वेल्डिंगआधीच झिंक प्रायमर मारला होता, कडेला सीम सीलर भरलं, आणि शेवटी निचऱ्याच्या भोकातून लांब नळीनं पोकळीत मेण फवारलं, इतकं की ते दुसऱ्या भोकातून ठिबकायला लागलं. ती भोकं मग काडीनं मोकळी केली.

रंगाच्या वेळी मी नेहमीप्रमाणे काळा अंडरकोट म्हणालो. काका तयार होईनात. काळ्या जाड थराखाली भेग वर्षभर लपते. त्यांनी पट्टीवर आणि तिच्याभोवती वीतभर पातळ पांढरा रंग मारला. पत्रा परत फाटायला लागला तर पांढऱ्यावर तांबूस रेघ दिसणार, लगेच.

तेव्हापासून दरवर्षी पाऊस ओसरला की डिकीतलं कार्पेट उचलतो आणि टॉर्च धरून ती पांढरी जागा बघतो. खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालायच्या आदल्या दिवशी. यंदाही बघितली. एक कोळी जाळं करून बसला होता, बाकी काही नाही.